कशावरून? : विकिपीडियाची पानं पडताळतानाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला. मुलं प्रकल्पासाठी पुस्तकं मागत नाहीत, विकिपीडियावरून उतरवतात, मग आपण संदर्भ विभाग चालवायचा कशाला? एक सभासद म्हणाले, "त्यात कोणीही येऊन काहीही लिहितं." दुसऱ्यांनी विचारलं, "मग तुमच्या नातवाने परवा आणलेली माहिती बरोबर कशी निघाली?" चहा येईपर्यंत एवढंच चाललं होतं. शेवटी काम माझ्या गळ्यात पडलं. तीन महिने आपल्या भागाशी संबंध असलेली पानं घ्यायची, एकेक विधान पुस्तकातून पडताळायचं आणि नोंदी ठेवायच्या.

मदतीला अकरावीतली तिघं आली आहेत, दोन मुली आणि एक मुलगा. शिवाय तात्या. तात्या निवृत्त तलाठी, रोज साडेनऊला पेपर वाचायला येतात आणि पेपर संपला की कोणाच्या तरी चुका काढतात. त्यांना अधिकृत काम मिळालं म्हणून खूश आहेत.

खुणा ठरवल्या. पुस्तकात सापडलं तर टिक, उलट सापडलं तर फुली, कुठेच सापडलं नाही तर शून्य. तात्या म्हणाले, "बाय, शून्यांची वही वेगळी घे."

९ जुलै, बुधवार

मुलाने स्वतःच्या गावाचं पान उघडलं. लोकसंख्या, क्षेत्रफळ, कुटुंबं हे सगळं २०११च्या जनगणनेशी तंतोतंत जुळलं. टिक, टिक, टिक. मग हवामानाचं वाक्य आलं आणि तो हसायला लागला. त्यात पावसाचं जे वर्णन होतं ते आमच्या कोकणाचं नव्हेच. शेजारच्या गावाचं पान उघडलं, तेच वाक्य. घाटावरच्या एका गावाचं उघडलं, तेच वाक्य. एकच साचा, फक्त गावाचं नाव बदललेलं.

पानावर वर "इतिहास पहा" असतं ते मुलांना दाखवलं. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे राहतं, पहिल्या अक्षरापासून. या पानाचा इतिहास जेमतेम अर्ध्या पडद्यात मावला, आणि त्यातलेही बहुतेक बदल सांगकाम्याचे. सांगकाम्या म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. मराठी विकिपीडियावरचे काही शब्द मला फार आवडतात. गप्पांची जागा ती चावडी, सराव करायची जागा ती धूळपाटी, आणि बिचारा हा सांगकाम्या. कोणी ठरवले कोण जाणे, पण सरकारी परिभाषा समितीवर त्या माणसाला बसवायला हवं होतं.

मुलाने विचारलं, "ताई, म्हणजे हे पान माणसाने वाचलंच नाही?" लिहिलंय यंत्राने, तपासलंय यंत्राने, शुद्धलेखन सुधारलंय यंत्राने. गावातल्या माणसाने पहिल्यांदा वाचलं ते आज.

१४ जुलै, सोमवार

मंडळाला आकडे आवडतात, म्हणून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या डिसेंबर २००५ मधल्या तुलनेचे काढून ठेवले. विज्ञानाचे ४२ विषय, विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन्ही ज्ञानकोशांतले लेख, तपासायला त्या त्या विषयातले तज्ज्ञ. कोणता लेख कुठला हे तज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. गंभीर चुका आठ निघाल्या, दोन्हीकडे चार-चार. बारीकसारीक चुका विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. लेखाला सरासरी चार आणि तीन. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी त्यावर मोठा आक्षेप घेतला, 'नेचर'ने माघार घेतली नाही.

वीस वर्षं झाली तरी वादात हाच आकडा फेकला जातो. पण तो इंग्रजीतल्या विज्ञानाच्या पानांचा आहे. आमच्या मुलाच्या गावाच्या पानाला तो लावणं म्हणजे मुंबईचा पाऊस मोजून सोलापूरची पेरणी ठरवणं.

आमच्या कपाटात वाईचा मराठी विश्वकोश आहे. पहिला खंड १९७६चा, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. शेवटचा खंड येईपर्यंत जवळपास चाळीस वर्षं गेली. लेखन जबाबदारीचं, नोंदीखाली लेखकाचं नाव. पण 'अ'पासूनच्या गावांची लोकसंख्या १९७१ची. चूक नाही ती, काळ पुढे गेला एवढंच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनी. एकाला घाई नाही, दुसऱ्याला दम नाही. मला दोन्ही लागतात.

२१ जुलै, सोमवार

आज दिवसभर डिचोली.

इंग्रजी विकिपीडियावर एके काळी "डिचोलीचा संघर्ष" अशा अर्थाचा एक लेख होता. १६४०च्या अखेरीपासून १६४१च्या सुरुवातीपर्यंत गोव्यातले पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात युद्ध झालं, मग तह झाला. सुमारे साडेचार हजार शब्द, व्यवस्थित प्रकरणं, खाली संदर्भांची लांबलचक यादी. जुलै २००७ मध्ये लिहिला गेला आणि दोनच महिन्यांत त्याला "चांगला लेख" हा दर्जा मिळाला. हा दर्जा फुकट मिळत नाही, कोणीतरी लेख वाचून निकषांवर तपासतो. पुढे त्याला त्याहून वरचा दर्जा मिळावा म्हणूनही प्रयत्न झाला, तो फसला. डिसेंबर २०१२च्या अखेरीस लेख काढून टाकला. कारण असं युद्ध झालंच नव्हतं. साडेपाच वर्षं एक अख्खं काल्पनिक युद्ध ज्ञानकोशात बसलं होतं, त्यातला बहुतेक काळ "चांगला लेख" म्हणून.

मी हे नुसतं सांगितलं आणि गप्प बसले. मुलांना विचारलं, कुठे अडखळलात का? एक मुलगी म्हणाली, तारीख. दुसरी म्हणाली, डिचोली तर इथेच आहे, आम्ही आत्याकडे जातो. "सर्वांना माहीत असतं ना मग, अशी लढाई झाली असती तर?" तात्या वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "बाय, ह्या कोणी लिवला? चाळीस साली महाराज धा वर्साचे. चौथीतलो पोर पण सांगात."

अगदी बरोबर. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा. १६४०ला शहाजीराजे आदिलशहाच्या चाकरीत होते. "मराठा साम्राज्य" म्हणावं असं काही अस्तित्वात नव्हतं. आणि डिचोलीत तेव्हा पोर्तुगीजही नव्हते, तो मुलूख आदिलशाहीचा. पोर्तुगीजांकडे डिचोली आली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे त्यांनी नंतर जिंकलेल्या गोव्याच्या भागांबरोबर. भांडायला दोन्हीकडचे लोकच हजर नाहीत असं हे युद्ध. महाराजांचा त्या भागाशी खरा संबंध बघायचा तर डिचोली तालुक्यातच नार्व्याला जावं. सप्तकोटेश्वराचं देऊळ महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं, तसा शिलालेख तिथे आहे.

मग इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही? मला वाटतं, ज्यांच्या लक्षात आलं असतं ते तो लेख वाचतच नव्हते. इंग्रजीतून, दूर कुठेतरी बसून, शीर्षकं नीट आहेत का, व्याकरण नीट आहे का, प्रत्येक वाक्यामागे संदर्भाचा आकडा आहे का, हे बघणारी माणसं तिथे होती. चौथीचं इतिहासाचं पुस्तक वाचलेलं माणूस नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. लेखाखाली दिलेली पुस्तकंच अस्तित्वात नव्हती. एका जागरूक सदस्याने ती शोधायला घेतली तेव्हा बिंग फुटलं. अमुक नावाचं पुस्तक जगातल्या कुठल्या ग्रंथालयाच्या यादीत आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. हे आमचं रोजचं काम. वाचक येतो, अर्धवट नाव सांगतो, लेखक चुकीचा सांगतो, आम्ही शोधतो आणि सांगतो की असं पुस्तक नाही, तुम्हाला ते दुसरं हवंय. साडेपाच वर्षांत त्या लेखाजवळून एकही ग्रंथपाल गेला नाही किंवा गेला आणि त्याने यादी उघडली नाही.

खुणांमध्ये बदल. टिकच्या दोन जाती केल्या. संदर्भ दिलाय अशी साधी टिक, आणि संदर्भ उघडून पाहिला अशी टिकेखाली रेघ. मागच्या दोन आठवड्यांच्या वह्या पुन्हा तपासल्या तर रेघेवाल्या टिका बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे आम्हीही त्या तपासनिसासारखंच केलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

बाळशास्त्री जांभेकर. पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, देवगड तालुका. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ला निघाला, त्यावरून ६ जानेवारीला पत्रकार दिन. इथपर्यंत टिक आणि खाली रेघ.

जन्मतारीख मात्र घसरडी. कुठे ६ जानेवारी, कुठे २० फेब्रुवारी, वर्ष कुठे १८१० तर कुठे १८१२. मुलींचा अंदाज असा की 'दर्पण'चा दिवस आणि जन्मदिवस दरवर्षी एकाच बातमीत छापून छापून कधीतरी एक झाले असावेत. शक्य आहे. आमच्याकडची छापील पुस्तकंही एकमेकांशी भांडतात, त्यामुळे याचं खापर विकिपीडियावर फोडता येत नाही. इथे फुली नाही, शून्यही नाही. चौथी खूण: तिरकी रेघ, म्हणजे "जाणकारांत मतभेद". असं पान मतभेद दाखवतं का एवढंच बघायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

भाषांतरित पानं. दोनच नोंदवते, बाकीची वाचवली नाहीत. "तो एक अमेरिकन अभिनेता आहे जो त्याच्या भूमिकांसाठी ओळखला जातो." "हे शहर नदीच्या काठावर बसते." शहर बसतं, नदी बघत असेल. माहिती बरोबर असूनही विश्वास उडतो, कारण लिहिणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं नाही हे कळतं. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं २०२० मध्ये असंच उघडकीला आलं. हजारो पानं एका अमेरिकन मुलाने लिहिली होती, ज्याला ती भाषा येत नव्हती. इंग्रजी शब्दांची स्पेलिंग स्कॉट्स वाटतील अशी वाकवायची, झालं. वर्षानुवर्षं चाललं. वाचणारे थोडे असले की असं होतं, आणि मराठीत वाचणारे थोडे नाहीत, दुरुस्त करणारे थोडे आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार

आता आमचा लाडका हेलियम.

१८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं, विजयदुर्गावरून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ते पाहिलं आणि हेलियमचा शोध लागला, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" आहेत, त्यांवर दुर्बीण ठेवली होती म्हणतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. एका मुलीने रसायनशास्त्राच्या वहीत हे सगळं सुंदर अक्षरात उतरवलंय आणि किल्ल्याचं चित्रही काढलंय. माहिती कुठून? दोन बातम्या, एक ब्लॉग आणि मुक्त विश्वकोशातलं किल्ल्याशी जोडलेलं एक पान. फोनमधल्या यंत्राला विचारलं तर तेही हेच म्हणालं. म्हणणारच, तेही इथूनच वाचतं.

तिला म्हटलं, आता त्याच कोशात इंग्रजीतलं हेलियमचं पान उघड. त्यात विजयदुर्ग नाही. त्यात आहे ते असं: १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेनने सूर्याच्या कडेच्या प्रकाशात पिवळी रेघ पाहिली, आणि तो होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने ती रेघ पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. ग्रहणाशिवायही सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट बघता येतो, हेच तर त्याचं कौतुक. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, फ्रेंचांनी पुढे दोघांच्या चेहऱ्यांचं एकच पदक काढलं. ती रेघ सोडियमची नाही, नव्याच मूलद्रव्याची आहे असं लॉकियरने म्हटलं, आणि पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, विल्यम रॅम्झेच्या प्रयोगशाळेत.

मुलगी हिरमुसली. "म्हणजे साहेब आलाच नव्हता? मग ओटे कोणाचे?"

हा प्रश्न चांगला आहे. लिहून ठेवला.

१३ ऑगस्ट, बुधवार

साहेब आला होता!

पण १८९८ला. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून गेली. लॉकियर तेव्हा साठीत होता, "सर" झाला होता, हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती. तो आपली मोहीम घेऊन विजयदुर्गाला उतरला. मेल्पोमीन नावाची इंग्रज युद्धनौका मदतीला, तिच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे चालवायला शिकवलं. हे सगळं रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये १९०१ साली छापलं आहे आणि शीर्षकातच विजयदुर्ग आहे, त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगात "विझियाद्रुग". स्पेलिंग असं असल्यामुळेच ते शोधात सापडत नव्हतं, दीड दिवस गेला. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक नायगमवालाही.

म्हणजे असं झालं असावं. लॉकियर खरा, विजयदुर्ग खरा, ग्रहण खरं, हेलियम खरा. फक्त तीस वर्षांची घडी पडली आणि दोन ग्रहणं एकमेकांवर चिकटली. ओटे १८९८च्या तळाचे असावेत हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच वहीत लिहिला.

१८६८चं ग्रहण बघायला लोक आपल्या बाजूलाही होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, कॅप्टन हेग विजापूरला. त्यामुळे कोणीच नव्हतं असंही नाही. पण लॉकियर नव्हता.

जुन्या पर्यटन पुस्तिकांच्या गठ्ठ्यात बघितलं. एका पुस्तिकेत विजयदुर्गाच्या पानावर १८६८ची हीच गोष्ट आहे, आणि समासात कोणी तरी जांभळ्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "कशावरून?" अक्षर वळणदार, शाळामास्तरांचं असावं. पुस्तिकेच्या मागच्या खिशातल्या कार्डावर शेवटचा शिक्का १९९१चा. विकिपीडियावर याच जागी "संदर्भ हवा" असा चौकोनी कंस येतो. कशावरून हा शब्द मला जास्त चांगला वाटतो, त्यात माणसाचा आवाज आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

हेलियम दिवसाला किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. पावसाने सकाळपासून तोंड वर करू दिलं नाही. गाडीवाल्याने नाही म्हटलं, पालकांनी त्याआधीच म्हटलं होतं. वह्या शेकोटीवर ठेवाव्यात अशा ओल्या झाल्यात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ. तात्या आठवड्यापूर्वीच माटवीच्या, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या मंडपीच्या, तयारीला गायब. वाचनालय सात दिवस बंद. मुलं म्हणाली ताई आता थेट गणपती गेल्यावर.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मी स्वतः बदल केला. किल्ल्याशी जोडलेल्या त्या पानावरचं १८६८चं वाक्य काढलं, तिथे १८९८चं वाक्य लिहिलं, "बदल प्रकाशित करा" दाबलं आणि छाती फुगवून चहा प्यायले. चाळीस मिनिटांत बदल परतवला गेला. सारांशात एकच ओळ: संदर्भ असलेला मजकूर कारण व संदर्भ न देता काढला.

आधी राग आला. मी ग्रंथपाल, मला सांगताय? मग ओळ पुन्हा वाचली. जुन्या वाक्यामागे एका वृत्तपत्राचा दुवा होता. माझ्या वाक्यामागे काहीच नव्हतं. १९०१चा तो लेख माझ्या वहीत होता, पानावर टाकायला मी विसरले होते. समोरच्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. कोणीतरी अनोळखी येतो, स्थानिक अभिमानाचं वाक्य पुसतो, नवं साल लिहितो, पुरावा देत नाही. उत्पात दिसतो तो असाच.

मुलांना मी सगळं दाखवलं. लपवायला हवं होतं असं क्षणभर वाटलं, पण इतिहासात माझं नाव आणि वेळ छापून बसलेली. तो पुसता येत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

चर्चा पानावर लिहिलं. रॉयल सोसायटीचा १९०१चा अहवाल, त्याचं पूर्ण शीर्षक, आणि १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होता याचा आधार. उत्तर संध्याकाळी आलं. सभ्य माणूस, कोल्हापूरकडचा असावा असं भाषेवरून वाटलं, पण तिथे कोणी कोणाचा पत्ता विचारत नाही. त्याचं म्हणणं, वृत्तपत्र हा मान्य स्रोत आहे, अनेक वृत्तपत्रांत हेच आहे, आपण त्या सगळ्यांना खोटं ठरवणारे कोण? स्वतःचं संशोधन कोशात घालायचं नसतं हा नियम.

नियम योग्य आहे. तो नसता तर प्रत्येक गावाने आपल्या देवळाला दोन हजार वर्षांपूर्वीचं करून टाकलं असतं. पण इथे तो उलटा बसला. बातम्या उघडून पाहिल्या. एकाही बातमीत ती माहिती कुठून घेतली ते नाही. दोन बातम्यांत तर वाक्यरचनासुद्धा कोशातल्या जुन्या आवृत्तीसारखी, आणि इतिहासात बघितलं तर कोशातलं वाक्य बातमीच्या आधीचं. म्हणजे कोशाने लिहिलं, वार्ताहराने उचललं, मग कोशाने वार्ताहराचा हवाला दिला. सासूचं मंगळसूत्र सुनेने गहाण ठेवलं आणि पावती दाखवून म्हणाली, बघा, सोनं खरं आहे.

हे तारखांसकट मांडलं. मंगळसूत्राचं लिहिलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तोडगा निघाला. वाक्य आता असं आहे: २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाच्या निरीक्षणासाठी लॉकियर विजयदुर्ग येथे आले होते, हेलियमचा शोध येथे १८६८ मध्ये लागला अशी स्थानिक समजूत आहे. पहिल्या अर्ध्यामागे १९०१चा संदर्भ, दुसऱ्यामागे बातमी. माझ्या मते उत्तम. समजूत आहे हेही खरंच आहे, तिचाही पुरावा आहे. समोरच्या सदस्याने शेवटी लिहिलं, "अहवाल वाचला. खलाशांचा भाग फार रंजक आहे." म्हणजे त्याने उघडून वाचला. वहीत त्याच्या नावापुढे रेघेवाली टिक.

तात्यांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते खोटं ते खोटं, समजूत वगैरे कशाला. वर "आमच्या जिल्ह्याचो हेलियम गुंटूरवाल्यांका दिलंस" हेही ऐकवलं. मंडळातल्या एकांनीही फोन करून हळूच विचारलं की हे सगळं वार्षिक अहवालात घालायलाच हवं का.

२२ सप्टेंबर, सोमवार

मंडळासाठी दोन पानी टिपण लिहायला बसले आणि अडकले. त्यांना हो की नाही हवंय. विश्वास ठेवावा का? मला एवढंच लिहिता येतं की पानापानावर आहे. हेलियमचं इंग्रजी पान जगभरची माणसं रोज बघतात, त्यात कोणी खोडी काढली तर बहुधा फार वेळ टिकत नाही. आमच्या गावाचं पान सांगकाम्या सोडून कोणी बघत नाही. डिचोलीचं युद्ध दोन्हींच्या मध्ये होतं, दिसायला पहिल्यासारखं आणि पहाऱ्याला दुसऱ्यासारखं. वाचकाला बाहेरून हा फरक दिसत नाही. इतिहास आणि चर्चा ही दोन बटणं दाबली तर थोडा दिसतो. मुलांनी प्रकल्पाच्या शेवटी "संदर्भ: विकिपीडिया" लिहायचं नाही, तिथून पुढे जी पुस्तकं दिसतील ती मागायला इथे यायचं, असा एक ठराव मांडला आहे. पुस्तकं नसतील तर आम्हीही लेखी सांगायचं की नाहीत. शून्यांची वही सोबत जोडली आहे, जाडजूड झाली आहे. तात्यांचा अंदाज खरा ठरला.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेवटी विजयदुर्ग. पहाटे निघालो, तळेऱ्यापर्यंत महामार्ग आणि पुढे वळणांचा रस्ता. मुलगा दोनदा गाडी थांबवून उतरला. किल्ल्यात गवत कमरेएवढं वाढलेलं, तटावरून वाघोटणची खाडी दुधाळ दिसत होती.

ओटे पाहिले. लहानच आहेत, काळपट, शेवाळलेले. ज्यांच्यावरून एवढं रामायण झालं त्यांच्यावर एक बकरी उभी होती. सोबतच्या माहितगाराने गोष्ट सुरू केली, अठराशे अडुसष्ट, साहेब, दुर्बीण. आमची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "काका, ते खलाशी पण आले होते ना, अठ्ठ्याण्णवला? मेल्पोमीन बोटीवरचे?" काका थांबले. म्हणाले, बोटीचं त्यांच्या आजोबांकडून ऐकलंय, साहेबाची मोठी बोट खाडीच्या तोंडाशी उभी होती म्हणून. साल त्यांना माहीत नव्हतं. अडुसष्ट त्यांनी पुढे कुठेतरी वाचलं.

बोटीची आठवण घरात तोंडी राहिली आणि साल छापील कागदावरून येऊन तिला चिकटलं. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. आजोबांचं वय, काकांचं वय यांचा हिशेब तिथेच तटावर बसून केला, १८९८शी तो बसतो. हे कोशात घालता येणार नाही, नियमात बसत नाही. आमच्या वहीत घातलं, काकांच्या परवानगीने, तारीख टाकून.

५ ऑक्टोबर, रविवार

रात्री पावणेदहाला त्या पानावर कोणीतरी १८९८ खोडून पुन्हा १८६८ केलं. खात्याशिवाय, नुसता आकडा बदलून. मी पाहिलं तेव्हा दहा वाजून गेले होते आणि तो बदल परतवलेलाही होता. सारांशात एकच शब्द: "कशावरून?"

परतवणाऱ्याचं सदस्यनाव नवीन, नोंदणी कालचीच. सहामाही आठ दिवसांवर आलीय, उद्या तिला विचारायला हवं.